गडचिरोलीत विद्यापीठाला जागा कशी मिळते: गोंडवाना विद्यापीठाच्या परिसराचा प्रकरण अभ्यास

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन झालं आणि तालुक्याचं गाव असलेलं गडचिरोली जिल्ह्याचं ठिकाण झालं. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस, न्यायालय आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थानं जुन्या गावठाणात मावणारी नव्हती. त्यामुळे गावाबाहेर शासकीय कार्यालयांची एकगठ्ठा वसाहत उभी राहिली. सारं गाव तिला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतं. नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. 2 ऑक्टोबर 2011 रोजी त्याचं काम सुरू झालं ते याच कॉम्प्लेक्समध्ये, एमआयडीसी रस्त्यावर.

हा योगायोग नव्हता. नव्या विद्यापीठाला पहिल्या दिवसापासून परीक्षा विभाग, पात्रता विभाग, वित्त विभाग आणि कुलगुरूंचं कार्यालय लागतं. ज्या जमिनीवर शासनाचा निर्विवाद ताबा आहे, जिथे रस्ता, वीज आणि नळ आधीच पोहोचले आहेत, तिथेच हे सगळं लगेच सुरू होऊ शकतं. गडचिरोलीत अशी जागा होती ती कॉम्प्लेक्समध्ये. म्हणजे विद्यापीठाचा पहिला पत्ता प्रत्यक्षात 1982 नंतर जिल्हा वसवताना ठरून गेला होता.

पण कार्यालयांच्या वसाहतीत विद्यापीठाचं कामकाज चालतं, विद्यापीठ वाढत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम 12(ब) खाली केंद्रीय अनुदानाला पात्र ठरायचं तर कायमच्या इमारती आणि पायाभूत सोयी दाखवाव्या लागतात. इथे वसतिगृहांचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुरामुळे जवळजवळ दरवर्षी बंद पडतो. या तालुक्यांतल्या मुलामुलींना रोज जाऊन-येऊन शिकता येत नाही. विषयनिहाय विभाग, प्रयोगशाळा, वसतिगृहं, मैदान आणि पुढच्या पन्नास वर्षांची वाढ धरली तर दोनशे एकर ही मोठी मागणी नाही. दोनशे एकर म्हणजे 81 हेक्टर, साधारण 900 मीटर गुणिले 900 मीटरचा चौरस. पुढचे सगळे हिशेब याच चौरसावर केले आहेत.

आता हा चौरस नकाशावर ठेवून पाहायचा.

जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वन आहे, म्हणून तो पहिल्यांदा वनातच पडतो. 1980 च्या वन संवर्धन कायद्यामुळे वनजमीन इतर कामासाठी वळवायला केंद्राची मंजुरी लागते. सर्वसाधारण नियमानुसार जितकं वन घ्याल तितकीच बिगर-वन जमीन पर्यायी वनीकरणासाठी द्यावी लागते, शिवाय वनाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गमावलेल्या वनाची पैशातली किंमत, भरावं लागतं. म्हणजे 81 हेक्टर वन घ्यायचं तर आधी 81 हेक्टर बिगर-वन जमीन शोधायची. ती सापडली तर विद्यापीठ तिथेच बांधता येईल. एकसंध वनाचा पर्याय इथेच संपतो. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते, पण मर्यादा एका कामाला एक हेक्टर आणि हेक्टरी जास्तीत जास्त 75 झाडं एवढीच आहे. विद्यापीठ त्यात बसत नाही.

दुसरी अडचण फक्त पूर्व विदर्भाची आहे. इथल्या गावांच्या नकाशात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेले मोठे तुकडे दिसतात. मध्य प्रांताच्या काळात ही खुरटी, चराईची पडीक जमीन म्हणून महसूल दप्तरी आली आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नोंदीसकट महाराष्ट्राकडे आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत तिचं क्षेत्र 86,409 हेक्टर आहे. जागेवर जाऊन पाहिलं तर मुरूम, चार-दोन पळस, खुरटी झुडपं आणि गुरांच्या वाटा. बघणाऱ्याला ती सरकारी मोकळी जागा वाटते आणि कित्येक गावांतली शाळा, दवाखाना, स्मशानभूमी याच जमिनीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी झालेली वाटपं नियमित करायला मार्ग ठेवला. त्यानंतरच्या वाटपांसाठी मात्र कारणं द्यावी लागतात आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाईही होऊ शकते. त्यामुळे 2011 मध्ये जन्मलेल्या संस्थेसाठी झुडपीचा तुकडा कितीही सोयीचा दिसला तरी तो यादीतून बाजूला ठेवायचा. कंत्राटदार उभा, निधी आलेला आणि काम थांबलेलं, अशी वेळ बहुधा याच नोंदीमुळे येते. सातबाऱ्यावर ‘सरकार’ दिसतं, निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक जमिनींच्या नोंदीत) ‘झुडपी’ दिसतं, आणि निविदा काढणाऱ्यानं फक्त सातबारा पाहिलेला असतो.

तिसरी चाळणी नदीची. गडचिरोली वैनगंगेच्या पूर्वेला आहे आणि शहराच्या उत्तरेला कठाणी वैनगंगेकडे वाहते. गोसीखुर्द धरणातून विसर्ग वाढला की वैनगंगा फुगते आणि उपनद्यांचं पाणी मागे दाबलं जातं. इथे पाऊस नसतानाही नाले उलटे भरतात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या पुराने हे सगळ्यांना दाखवून दिलं. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात परवानगी मिळाली तरी जोतं लाल पातळीच्या वर घ्यावं लागतं. ज्या नाल्याची पूररेषा अजून आखलेली नाही तिथे जास्त जपावं लागतं. रेषा नाही याचा अर्थ पूर नाही असा होत नाही. अशा ठिकाणी गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांकडून पाणी कुठवर चढलं होतं ते विचारून, झाडाच्या खोडावरची आणि देवळाच्या पायरीवरची खूण लेव्हल मशीनने मोजून घ्यावी.

वन गेलं, झुडपी गेलं, पूरपट्टा गेला. गावठाण, तलाव आणि पाण्याखालची चांगली शेतीही गेली. 2011 च्या जनगणनेत चोपन्न हजार लोकसंख्या असलेल्या शहराच्या नगर परिषद हद्दीत एकसंध दोनशे एकर मोकळी जमीन मिळणं कठीणच. म्हणून नव्या परिसरासाठी शहराबाहेर अडपल्लीच्या शिवारात खासगी शेतजमिनी विकत घेण्याचा मार्ग धरला गेला. परिसराची जागा अशी ठरते: बाकीच्या सगळ्या रेषा आखून झाल्यावर जे उरतं, ते विद्यापीठाला मिळतं. ही वस्तुस्थिती नीट ओळखली तर पुढचं नियोजन बरं होतं. उरलेली जमीन रिकामी नसते, तिथे आधीपासून पाणी आणि माणसं यांची व्यवस्था चालू असते.

खासगी जमीन घेताना कागद कोणत्या क्रमाने पाहायचे, हे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकतं. सातबारा शेवटी पाहावा. आधी गाव नकाशा आणि 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी. मग निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे जमीन महसूल संहितेची कलमं 161 आणि 165. गुरांची वाट, सरपणाचा हक्क, तलावाचं पाणी, मयतीची जागा, खळ्याची जागा यांची नोंद या दोन कागदांत असते आणि ती सातबाऱ्यावर उतरलेली नसते. त्यानंतर वन विभागाचा कक्ष नकाशा आणि वनहक्काचे वैयक्तिक व सामूहिक दावे. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखाने 2009 मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवला, तिथे हा कागद पाहायचा राहिला तर चूक अक्षम्य आहे. सगळ्यात शेवटी सातबारा, आणि त्यात वरच्या नावाआधी ‘इतर अधिकार’ हा रकाना. भोगवटदार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), आदिवासी खातेदार, सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा हे सगळं तिथे सापडतं.

आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ लागू होतं आणि बिगर-आदिवासीकडे हस्तांतर करायला जिल्हाधिकाऱ्यांबरोबर शासनाचीही पूर्वमान्यता लागते. गडचिरोली तालुक्याची गंमत अशी की धानोरा, एटापल्ली किंवा कुरखेड्यासारखा तो पूर्ण अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेनुसार घोषित क्षेत्रात, नाही. काही गावं आत आहेत, काही बाहेर. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शिवांत दोन वेगळ्या वाटा. आतल्या गावात पेसा या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 41 तर अनुसूचित क्षेत्रातलं संपादन शक्यतो टाळा, आणि करायचंच तर शेवटचा उपाय म्हणून करा, असं सांगतं. इथल्या नियोजनकाराने सर्व्हे नंबरांच्या यादीत पहिला रकाना ‘अनुसूचित गाव: होय / नाही’ असाच ठेवायला हवा.

थेट खरेदीत एक धोका कायम असतो: तुकडे. शंभरातल्या ऐंशी खातेदारांनी जमीन दिली, वीस जणांनी नाही दिली, आणि ते वीस जण नेमके मधोमध. मग परिसराच्या पोटात खासगी शेतं राहतात, त्यांना कायद्याने वाट द्यावी लागते, आणि आतला रस्ता त्या वाटेच्या मर्जीने वळतो. यावर उपाय म्हणजे खरेदीखत करायच्या आधी सगळ्या पट्ट्याची संयुक्त मोजणी करून घ्यायची आणि मधले गट आधी, कडेचे नंतर असा क्रम ठेवायचा. साधारणपणे उलटं होतं. रस्त्याकडचे गट आधी घेतले जातात, कारण ते दिसतात.

आता पाणी. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

गडचिरोलीची शेती म्हणजे धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारी बांधबंदिस्त शेतं. डोंगरउतार नसला तरी जमीन सपाट नसते, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. एका बांधीचं पाणी धुऱ्यातल्या (शेताच्या बांधातल्या) फटीतून खालच्या बांधीत, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा नाल्यात. वर माजी मालगुजारी तलाव, ज्याला सगळे मामा तलाव म्हणतात. त्याच्या पाळीतल्या तुडुमातून (पाणी सोडायच्या तोंडातून) सुटलेलं पाणी पाटाने या बांध्यांना मिळतं. पंधरा-वीस खातेदारांची ही एकच साखळी असते आणि पाणी सोडण्याचा क्रम तोंडी ठरलेला असतो.

उतार 1:200 धरू. 900 मीटरच्या आपल्या चौरसात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 4.5 मीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला दिसतो. ‘आधी जमीन सपाट करून घेऊ’ असं ठरवलं तर वरच्या अर्ध्या भागात शून्यापासून 2.25 मीटरपर्यंत खोदाई आणि खालच्या अर्ध्यात तेवढाच भराव. खोदाई होते 4,55,000 घनमीटरच्या वर, म्हणजे सुमारे 1,61,000 ब्रास. पंधरा घनमीटरच्या हायवाच्या (टिपर ट्रकच्या) तीस हजार खेपा. आणि खालच्या टोकाला दोन मीटर ताज्या भरावावर इमारत उभी करायची, मग पायाची खोली आणि खर्च दोन्ही वाढले. याउलट 100 गुणिले 60 मीटरची एक इमारत लांबीने उतारावर ठेवली तरी तिच्याखाली फक्त 50 सेंटिमीटरचा फरक असतो. तो जोत्यातच सामावतो. तीच इमारत समतल रेषेला (सारख्या उंचीच्या रेषेला) समांतर फिरवली, तर 60 मीटरला 30 सेंटिमीटर. म्हणून इमारतींची दिशा ठरवताना आराखड्यावरची समरूपता सोडून द्यावी आणि धुऱ्यांच्या ओळी पाहाव्यात. धुरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काढलेला समपातळी नकाशाच आहे, तोही फुकट मिळालेला.

बांध्या मोडल्यावर खालच्या गावाचं काय होतं, हेही मोजता येतं. एका बांधीत सरासरी 10 सेंटिमीटर पाणी थांबतं असं धरलं तर 81 हेक्टरात 81,000 घनमीटर पाणी थांबतं. तासाभरात 60 मिलिमीटरचा पाऊस झाला तर या क्षेत्रावर 48,600 घनमीटर पाणी पडतं. बांध्या मोकळ्या असतील तर ते जवळजवळ सगळं तिथेच राहतं. त्याच जागी छपरं, रस्ते, पार्किंग आणि तुडवलेली मैदानं आली आणि साठ टक्के पाणी वाहून जायला लागलं, तर 29,000 घनमीटर पाणी थेट खालच्या शेतात जातं. वेग सेकंदाला सुमारे 8 घनमीटर. खालच्या शेतकऱ्याचे धुरे असल्या लोंढ्यासाठी बांधलेले नसतात. रोवणी झालेली असेल तर गेलीच.

म्हणून परिसराच्या खालच्या कडेला निदान 30,000 घनमीटरची साठवण आधी करायची, मग इमारती. तीन मीटर खोलीची बोडी धरली तर तिला एक हेक्टर जागा लागते. 81 हेक्टरातलं हे एक हेक्टर वाचवण्यात काही हशील नाही. शिवाय जुनी बोडी तिथे बहुधा असतेच. तिचा गाळ काढायचा, पाळ उंचवायची, सांडवा पक्का बांधायचा. वरच्या तलावाचा पाट परिसरातून जात असेल तर तो उघडा ठेवायचा, बंद पाइपात घालायचा नाही. गाळ आणि पळसाची पानं पाइपात अडकली की दोष कुणाचा यावर विद्यापीठ आणि गाव यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चालतं. उघडा पाट दोघांना दिसतो, आणि साफ करायला फावडं पुरतं.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. रोज येणाऱ्या विद्यार्थ्याला 45 लिटर, निवासी विद्यार्थ्याला 135 लिटर. तीन हजार येणारे आणि एक हजार राहणारे धरले तर दोन्ही मिळून रोज 2,70,000 लिटर. म्हणजे राहणारे एक हजार जण येणाऱ्या तीन हजारांइतकंच पाणी वापरतात. वीस हजार चौरस मीटर छपरावर वर्षाला 1,300 मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तर 2 कोटी 8 लाख लिटर मिळतात, सुमारे 77 दिवसांची गरज. पण तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडतो आणि टंचाई एप्रिल-मेमध्ये असते. टाकी बांधून तो सगळा साठवणं परवडत नाही. परवडतं ते जमिनीत मुरवणं, आणि त्यासाठी जागा निवडावी लागते. मुरमाड खरडी जमिनीत पाणी मुरतं, काळ्या चिकण कन्हारात तुंबतं. पुनर्भरणाचे खड्डे परिसराच्या कडेला सारख्या अंतरावर आखणं ही कागदावरची सोय आहे. जमिनीचा प्रकार पाहून चार ठिकाणी मोठे खड्डे केले तर जास्त पाणी मुरतं.

यानंतर संरक्षक भिंत. जमीन ताब्यात आली की पहिलं काम भिंतीचं निघतं. अतिक्रमणाची भीती असते, मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा असतो, आणि भिंतीला वास्तुरचनाकाराचा आराखडा लागत नाही. 81 हेक्टरच्या चौरसाला 3.6 किलोमीटर भिंत लागते. ती जमिनीत पाया घालून उतारावर आडवी गेली की प्रत्यक्षात बांध होते. पहिल्याच पावसात वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि कमकुवत ठिकाणी भिंत कोसळते. बऱ्याचदा रात्री, सगळं पाणी एकदम सोडून. सोबत पांदण रस्ता बंद झालेला असतो. गावकरी भिंतीला भगदाड पाडतात, त्यांच्यावर तक्रार होते, आणि शेजारपण पहिल्याच वर्षी नासतं. त्यापेक्षा पहिली दोन वर्षं दगडी खुणा, चर आणि करवंदीचं-सागरगोट्याचं कुंपण पुरे. भिंत घालायचीच तर उताराला समांतर कडांवर आधी घालावी. आडव्या कडांवर प्रत्येक बांधीच्या फटीसमोर जमिनीलगत जाळीचं मोकळं तोंड ठेवावं. पांदण नकाशात असो वा नसो, ती चालू असेल तर तिला बाहेरून पर्यायी वाट बांधून दिल्याशिवाय बंद करू नये.

वनाच्या कडेचा विचार वेगळा. अमरावती विद्यापीठाच्या आवारात बिबट्याचा वावर सर्वांना माहीत आहे. गडचिरोलीत वाघ आहेत, आणि 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही. वसतिगृह वनाच्या कडेपासून लांब, रस्त्याच्या बाजूला ठेवावं. मेसचा कचरा उघड्यावर पडला की कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या. कचऱ्याच्या जागेचा निर्णय आराखड्यातच व्हायला हवा.

रस्त्याचं गणित परिसराबाहेर सुटतं. राष्ट्रीय महामार्गालगत जागा मिळाली तर ग्रामीण भागात मध्यरेषेपासून 40 मीटर इमारतरेषा आणि 75 मीटर नियंत्रणरेषा सोडावी लागते. मुख्य दरवाजा थेट महामार्गावर उघडणं टाळून आतून समांतर रस्ता आणि एकच जोडणी ठेवावी. जिल्ह्यात रेल्वेचं स्थानक सध्या फक्त वडसा-देसाईगंजला आहे. वडसा-गडचिरोली मार्ग पूर्ण झाल्यावर स्थानक शहराला जिथे लागेल तिकडे वस्ती सरकेल. तोवर विद्यापीठ म्हणजे एसटी. शहराबाहेरच्या परिसरात सकाळी दहाची बस असते, पण प्रयोगशाळा संपवून सहाला निघणाऱ्या मुलीसाठी परतीची बस नसेल, तर ती मुलगी प्रयोगशाळेचा विषय घेणंच टाळते. परिसरासमोरचा थांबा आगाराच्या वेळापत्रकात नोंदवून घेणं आणि तिथे निवारा, दिवा आणि स्वच्छतागृह बांधणं, हे इमारतीच्या निविदेतच घातलं पाहिजे.

याच कारणाने कॉम्प्लेक्समधली जुनी जागा सोडू नये. सिरोंच्याहून गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायला आलेल्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी परतीची गाडी गाठायची असते. परीक्षा, पात्रता आणि स्थलांतर प्रमाणपत्राच्या खिडक्या शहरात राहाव्यात, शिकवणं आणि राहणं नव्या परिसरात जावं. दोन ठिकाणं सांभाळायला खर्च जास्त येतो हे खरं, पण तो विद्यापीठाने उचलावा, विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये.

राहता राहिलं भोवतालचं प्लॉटिंग. भूमिपूजनाच्या बातमीआधीच लगतच्या शिवारात चुना टाकून प्लॉट आखले जातात. नगर परिषदेची विकास योजना आपल्या हद्दीपाशी थांबते. हद्दीबाहेर 2 डिसेंबर 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली कागदावर लागू असली तरी रस्ते कुठून जातील हे ती ठरवत नाही. मग धानाच्या बांधीएवढ्या रुंदीचे गल्लीबोळ, सांडपाण्याला वाट नाही, आणि ते सगळं पाणी त्याच नाल्यात. परिसराभोवती निदान 500 मीटरच्या पट्ट्याची नगर रचना योजना जमीन खरेदीबरोबरच हाती घ्यायला हवी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 मध्ये तिची तरतूद आहे. शेतकऱ्याला त्यात विकसित प्लॉट परत मिळतो, रस्त्यांची जागा सर्वांकडून सारख्या प्रमाणात निघते, आणि नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा मोकळा ठेवता येतो. नाल्याच्या त्या पट्ट्याची मोजणी पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करून घ्यावी. तेव्हा पाण्याची खरी रुंदी काठावरच्या गवतावर स्पष्ट दिसते. मार्चमध्ये मोजला तर नाला निम्मा भरतो आणि कागदावर कायमचा निम्माच राहतो.